दासोहात निर्णय कोणाचा?



तापीकाठच्या आमच्या बऱ्हाणपुरात बाहेरगावचे भक्त आले की त्यांना शाही किल्ला पाहायचा असतो. मुमताज बेगमेचा अंत १६३१ साली येथेच झाला, हे त्यांना सांगावे लागत नाही. ते वाचूनच आलेले असतात. त्याच दिवसांत या गावात आणखी काय घडत होते, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. १६३० साली पाऊस रुसला आणि गुजरात व दख्खन या दोन्ही मुलखांवर भयंकर दुष्काळ कोसळला. पीटर मंडी नावाचा एक इंग्रज व्यापारी त्या वेळी सुरतेहून आग्र्याकडे याच वाटेने गेला. रस्त्याच्या कडेची प्रेते आणि ओस पडलेली गावे त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदली आहेत. शहाजहान बादशहाचा मुक्काम दक्षिणेच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरातच होता.

बादशहा स्वस्थ बसला नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. अब्दुल हमीद लाहोरीच्या बादशाहनाम्यात नोंद आहे की बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत येथे लंगर उघडण्याचा हुकूम झाला, आणि बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये गोरगरिबांना वाटले गेले. असे वीस सोमवार झाले, म्हणजे एक लाख रुपये. त्या काळचे लाख रुपये! सोमवारच का? तर तो बादशहाच्या राज्यारोहणाचा वार होता म्हणून. आपल्याला सोमवार शिवाचा म्हणून प्रिय आहे. बादशहाला तो स्वतःचा म्हणून प्रिय होता. भुकेला वार नसतो, ही गोष्ट मात्र त्या हुकमात कोठे आलेली नाही.

आता या नोंदीकडे जरा निरखून पाहा. देणाऱ्याचे नाव आहे, वार आहे, रक्कम आहे, बेरीजसुद्धा आहे. घेणाऱ्याचे नाव नाही. तापीच्या वाळवंटात कोण रांगेत उभे होते, कोणाला मिळाले, कोण परत गेले, पाच हजारांत कोणाला किती द्यायचे हे कोणी ठरवले, यांतले काहीच नाही. लाहोरीला हे प्रश्न सुचलेच नसतील. त्यात त्याचा दोष नाही. दानाच्या कथा अशाच लिहिल्या जातात. आजच्या देणग्यांच्या फरशीवरही देणाऱ्याचेच नाव कोरलेले असते.

बादशहाच्या साडेचार शतके आधी कल्याण नगरीत दासोह चालत होता. बिज्जळाचे भांडारी असलेल्या महात्मा बसवेश्वरांच्या महामनेत शरणांचा राबता असे. तेथे घेणाऱ्यांची नावे शिल्लक राहिली आहेत, एवढेच नव्हे तर घेणाऱ्यांचे शब्द शिल्लक राहिले आहेत. आपल्या वचनसाहित्याचे हे वैशिष्ट्य आपण पुरेसे लक्षात घेत नाही. ज्याच्या घरी धान्य होते त्यांची वचने आहेत, आणि ज्याने अंगणात सांडलेले तांदूळ वेचले त्याची आणि त्याच्या पत्नीचीही आहेत. आयदक्की मारय्या आणि आयदक्की लक्कम्मा यांची कथा आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे; तरीही आज ती वेगळ्या बाजूने पाहावयाची आहे, म्हणून पुन्हा सांगतो.

हे दांपत्य अमरेश्वर क्षेत्राहून कल्याणास आले. महामनेच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्यांचे कायक. तेवढ्या तांदळावर घर चाले आणि त्यातूनच जंगम दासोहही होई. एके दिवशी मारय्या नेहमीपेक्षा अधिक तांदूळ घेऊन आले. लक्कम्मांनी ओटी पाहिली आणि विचारले, हे इतके कोठून? नेहमीच्या मापाहून जे अधिक आहे ते आपले नव्हे, ते जेथून आणले तेथे टाकून या. आणि मारय्या परत गेले.

या कथेवर प्रवचने होतात ती निर्लोभीपणावर. ते योग्यच आहे. परंतु परंपरेत याच कथेला आणखी एक धागा आहे. ते जादा तांदूळ सहज सांडलेले नव्हते. या गरीब दांपत्याला थोडी मदत व्हावी म्हणून बसवण्णांनीच ते मुद्दाम सांडावयास लावले होते, असे सांगतात. हा धागा हाती घेतला की कथा पालटते. देणारे साक्षात बसवण्णा, हेतू निर्मळ, नाव मिळवायची इच्छा नाही, उलट गुपचूप दिलेले, घेणारा खरोखर गरजू. दानाच्या शास्त्रात याहून निर्दोष दान सापडणार नाही. तरीसुद्धा ते परत आले. का परत आले?

कारण त्या घराला किती लागते हे त्या घराला विचारलेले नव्हते. लक्कम्मांच्या घरात एक माप होते. किती वेचायचे, किती रांधायचे, किती जंगमांना वाढायचे, हे त्यांचे त्यांनी ठरवलेले होते. त्या मापावर त्यांचे स्वातंत्र्य उभे होते. बाहेरून आलेल्या करुणेने ते माप न विचारता मोडले. शून्यसंपादनेत या दांपत्याला स्वतंत्र प्रकरण मिळाले आहे आणि त्यात उपदेश करणारी लक्कम्मा आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. बसवण्णांचा मोठेपणा असा की त्यांनी या परत आलेल्या तांदळाचा राग धरल्याची एकही कथा नाही. आपल्यापैकी कोणी दिलेली वस्तू परत आली तर आपण काय म्हणतो? ‘माजलेत!’ हा शब्द आम्ही मठाच्या पायरीवर ऐकला आहे.

आमचे शिक्षण संस्कृत पाठशाळेतले, म्हणून एक व्याकरणाची गोष्ट येथे सांगावीशी वाटते. ‘दान’ शब्दामागे दा धातू आहे. देणारा तो कर्ता, दिलेले ते कर्म, आणि ज्याला द्यायचे ते संप्रदान. घेणाऱ्याला चतुर्थी विभक्ती मिळते, कर्तेपण मिळत नाही. धर्मशास्त्रात देश, काल आणि पात्र यांचा विचार करून द्यावे असे सांगितले. विचार चांगलाच आहे. पण पात्र कोण हे पाहणारा डोळा कोणाचा? देणाऱ्याचाच. तो आसनावर बसून समोरच्याला पारखतो. उपनिषदाने देणाऱ्याला संकोचाने, लाजत द्यायला सांगितले. परंतु निवड त्याच्याकडेच ठेवली.

शरणांनी शब्दच बदलला. दासोह. याची फोड परंपरेने ‘दासः अहम्’, मी दास आहे, अशी केली आहे. कोणी भाषापंडित वेगळी व्युत्पत्ती लावील, त्या वादात आज शिरत नाही. या फोडीत ‘देणे’ हे क्रियापदच नाही, एवढे पाहा. मी देतो असे म्हणायचे नाही. मी आहे, आणि कसा आहे तर दास आहे. मग साधा प्रश्न असा की धन्याला काय हवे हे दास ठरवतो की धनी ठरवतो? स्वयंपाकघरातला गडी धन्याच्या ताटात स्वतःच्या आवडीचे वाढून वर ‘हेच तुमच्या हिताचे’ म्हणू लागला तर त्याला आपण दास म्हणणार नाही. जंगम म्हणजे चालताबोलता समाज, असा अर्थ आपण व्यासपीठावरून सांगतो. तो अर्थ खरा मानायचा तर समाजासाठी काढून ठेवलेल्या पैशाचा निर्णय समाजाच्या हाती दिला पाहिजे. निर्णय आपल्या मुठीत ठेवून आपण जे करतो ते चांगले दान असेल. त्याला दासोह म्हणू नये.

हे केवळ शब्दांचे नाही. आपल्या डोळ्यांदेखत एवढ्या मोठ्या प्रमाणावर याची परीक्षा झाली आहे की दुसऱ्या उदाहरणाची गरज पडू नये. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणेश विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे चार वाजण्यापूर्वीच जमीनदोस्त झाली. लातूर आणि धाराशिव, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद, या जिल्ह्यांचा तो भाग. आपल्या समाजाची किती घरे त्यात गेली हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. अनेकांच्या नात्यातली माणसे त्या दगडमातीखाली राहिली. रुंद दगडी भिंती, चिखलाची जोडणी आणि डोक्यावर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारे तेच घर त्या रात्री काळ झाले.

मदत चहूकडून आली. देशातून आली, परदेशातून आली, जागतिक बँकेचे कर्ज आले. बावन्न गावे पूर्णपणे नव्या जागी वसवायची ठरली आणि त्यांतली पुष्कळ गावे देणाऱ्या संस्थांनी दत्तक घेतली. ‘दत्तक’ हाही शब्द पाहा. दत्तक मूल घेतात. शेकडो वर्षांचे जाणते गाव दत्तक कसे घेतात? घरे पक्की झाली, हे नाकारणे कृतघ्नपणा होईल. परंतु कागदावर पट्टीने आखलेले सरळ रुंद रस्ते, एकसारखी ओळीत उभी घरे, एकमेकांपासून दूर. बैल कोठे बांधायचे, कडबा कोठे रचायचा, वर्षाचे धान्य कोठे साठवायचे, दुपारी बायकांनी कोणाच्या ओट्यावर बसायचे, या गोष्टी त्या आराखड्यात नव्हत्या. गाव इतके पसरले की म्हाताऱ्या माणसाला मैत्रिणीचे घर लांब झाले. कोठे न्हाणीघरात सरपण रचले गेले, कोठे नव्या पक्क्या घराशेजारी पत्र्याचा आडोसा काढून चूल तिकडे नेली गेली. देणाऱ्यांनी मनापासून दिले होते. तांदूळ जास्त सांडले होते, माप विचारलेले नव्हते.

त्याच भूकंपाची दुसरी कहाणी कमी सांगितली जाते, कारण तिला उद्घाटनाची फीत नव्हती. ज्या गावांची पडझड कमी होती तेथे घरे आहे त्या जागीच दुरुस्त आणि मजबूत करायची होती. अशी घरे लाखांच्या घरात होती. येथे पैसा टप्प्याटप्प्याने घरमालकाच्या हाती देण्यात आला. काय दुरुस्त करायचे, कोणता गवंडी लावायचा, सामान कोठून आणायचे, हे त्याने ठरवायचे; अभियंत्याने सल्ला द्यायचा आणि काम पाहून पुढचा हप्ता सोडायचा. हजाराहून अधिक गावांत गावातल्याच बायकांना संवाद साहाय्यक नेमले गेले, आणि स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने महिला मंडळांना त्या कामात उभे केले. ज्या बायका चारचौघांत बोलत नव्हत्या त्या अभियंत्याला विचारू लागल्या की सिमेंट किती घातलेत. पुढे २००१ साली भूजचा भूकंप झाला तेव्हा लातूरकडच्या याच बायका गुजरातेत जाऊन तेथल्या बायकांशी बोलल्या, आणि गुजरातेत बहुसंख्य घरे मालकांनीच आपली आपण उभी केली. सरकार तेच, भूकंप तोच. फरक पडला तो निर्णय कोणाच्या उंबऱ्याच्या आत झाला याने.

येथे शंका निघेल. निघालीच पाहिजे. लोकांवरच सोडले असते तर त्यांनी पुन्हा तीच दगडमातीची भिंत उभी केली नसती का? ज्ञान नको का? नको कसे! भिंत भूकंपात कशी टिकेल, कोपरे कसे बांधावेत, हे अभियंत्यालाच कळते, आणि ते त्याने दडपून न ठेवता ठामपणे सांगितले पाहिजे. परंतु दार कोणीकडे असावे, गोठा घराला लागून हवा की दूर, शेजार कोणाचा, हे त्याचे ज्ञान नव्हे. शरणांच्या अनुभवमंटपात अल्लमप्रभू शून्यसिंहासनावर बसले होते म्हणून मोळीविक्या मारय्यांना आपल्या मोळीविषयी कोणी शिकवले नाही. दोन प्रकारचे जाणणे असते. देणाऱ्याची चूक अशी होते की एका प्रकारचे जाणणे आपल्याकडे आहे म्हणून दुसरेही आपल्याकडेच आहे असे तो समजतो.

दुसरी शंका अधिक टोकदार आहे. ‘समाजाच्या हाती द्या’ म्हणजे कोणाच्या हाती? गावात पाटील आहे, सावकार आहे, त्यांचा पुतण्या आहे. समिती नेमली की हेच पुढे येऊन बसतात. मग एका दूरच्या मालकाऐवजी जवळचा मालक मिळतो, आणि जवळचा अधिक जाचक असतो. या शंकेला गोड उत्तर नाही. एक कष्टाचे उत्तर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात मिळते. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे हे पुण्याचे अभियंता-उद्योजक तेथे गेले. देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन कराराने घेऊन त्यांनी पाणी अडवून दाखवले, आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम पाहण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे आणि कुटुंबाला अडीच एकरांपुरते, त्याहून जास्त नाही. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाणी विकले जात नाही. ऊस लावायचा नाही. आणि खर्चाचा पाचवा हिस्सा घेणाऱ्यांनी स्वतः घालायचा. निर्णय गटाचा, वाटपाला माणूसही गटाने नेमलेला.

भूमिहीनाला पाणी देणारा नियम बड्या शेतकऱ्यांच्या समितीने आपण होऊन केला असता असे आम्हांस वाटत नाही. म्हणजे निर्णय सोपवण्याआधी एक गोष्ट देणाऱ्याने धरून ठेवायची असते: जे सर्वांत मागे उभे असते त्याला आत बसायला जागा आहे की नाही, एवढे पाहायचे. अनुभवमंटपात स्त्रिया होत्या, चांभार होते, नावाडी होते. ते आपोआप आलेले नव्हते, त्यांच्यासाठी दार मुद्दाम उघडलेले होते. दार उघडणे हे बसवण्णांचे काम. आत आल्यावर काय बोलायचे हे ज्याचे त्याचे.

जगातही हा विचार आता नवा राहिलेला नाही. ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे शहरात १९८९ पासून नगरपालिकेच्या खर्चाचा काही भाग वस्त्यांतले लोक सभा भरवून ठरवू लागले. केरळने १९९६ मध्ये आपल्या योजना खर्चाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग पंचायतींकडे सोपवला. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून प्रभागातील कामे मागवायला सुरुवात केली. अपंगांच्या हक्कांसाठी परदेशात २००८ साली उभा राहिलेला एक निधी असा आहे की अनुदान कोणाला द्यावे हे ठरवणाऱ्या समितीत अपंग कार्यकर्ते स्वतः बसतात. या सगळ्यांना कल्याण ठाऊक असेल असे नाही. पण आपल्याला तरी कोठे ठाऊक होते? येथे आता आमच्याच मठाची गोष्ट सांगणे भाग आहे.

२०२० च्या टाळेबंदीत बऱ्हाणपुरातले यंत्रमाग थांबले. ज्या गल्ल्यांत रात्रंदिवस खडखडाट, तेथे अशी शांतता की झोप लागेना, असे विणकर सांगत. मठाने धान्य वाटायचे ठरवले. एका व्यापारी भक्तांनी मोठी रक्कम दिली. आम्ही आणि दोन विश्वस्त, तिघांनी मठात बसून यादी केली. गहू, तूरडाळ, तेल, साखर, चहा अशी पिशवी बांधली. छायाचित्रे काढली, ती देणाऱ्यांना पाठवली. पंधरा दिवसांनी एक वृद्ध माता पायरीशी येऊन लांब उभी राहिली. कांड्या भरण्याचे काम करणाऱ्या, अंगावर जुनेच लुगडे. म्हणाल्या, “महाराज, रागवू नका. गहू राशनचा आला, गहू शेठनं दिला, गहू तुम्ही दिला. दळायला पैसे कुणी दिले नाहीत.”

आम्ही कोशात राहून तीस वर्षे दासोहावर प्रवचने केली होती. लक्कम्मांची कथा तर दर श्रावणात. लक्कम्मा समोर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा ओळखता आल्या नाहीत. आमच्या मनात आधी आले ते हेच, की या माताजींना मिळाले त्याचे समाधान नाही. ही लाजिरवाणी गोष्ट आहे, पण लपवून काय उपयोग?

पुढच्या वर्षी आम्ही मदतनिधी सात जणांच्या हाती दिला. त्यांत त्या माताजी, कांड्या भरणाऱ्या आणखी एक, दोन मागवाले, एक निवृत्त शिक्षक, एक भाजी विकणाऱ्या भगिनी आणि आमचे एक विश्वस्त. विश्वस्तांना मत एकच, इतरांइतकेच. पहिल्याच बैठकीत त्यांनी आमच्या यादीतली तीन नावे काढली. त्यांतले एक घर तीन पिढ्यांपासून मठाशी जोडलेले. ‘त्यांचे मुलगे कमावतात, महाराज, तुम्हांला माहीत नाही एवढेच,’ असे म्हणाले. ते गृहस्थ त्यानंतर सोमवारच्या पूजेला यायचे थांबले. त्याचे दुःख आम्हांला आजही आहे. उलट एका दारू पिणाऱ्या विणकराच्या मुलीला परिचारिकेच्या शिक्षणासाठी सर्वांत मोठी रक्कम दिली, आणि ती बापाच्या हाती न देता थेट महाविद्यालयात भरली. आम्ही त्या घराला अपात्र ठरवून सोडून दिले होते. आम्ही बापाकडे पाहिले. त्यांना मुलगी ठाऊक होती.

चुकाही झाल्या. दुसऱ्या वर्षी एका पंचाने आपल्या मेहुण्याला दोनदा मदत लावून घेतली. हिशोब दर तीन महिन्यांनी अंगणात लिंबाखाली मोठ्याने वाचायचा असा नियम होता, म्हणून ते तेथेच उघडे पडले. भाजीवाल्या भगिनींनीच भर सभेत विचारले. त्या रात्री विश्वस्त म्हणाले, “महाराज, आता पुरे. निधी परत घ्या.” आमचाही हात पुढे झाला होता, हे सांगतो. मग वाटले की गेल्या तीस वर्षांत आमच्या हातून कोणाच्या मेहुण्याला काही गेले नसेल का? गेलेच असेल. ते लिंबाखाली वाचले गेले नाही, म्हणून चूक ठरले नाही. निधी परत घेतला नाही. त्या पंचांनी रक्कम हप्त्यांनी फेडली, अजूनही ते बैठकीला येतात, पण मागे बसतात.

देणाऱ्या व्यापारी भक्तांचे अजून मन वळलेले नाही. “पैसा माझा, आणि मला विचारायचेही नाही?” हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. त्यांना आम्ही बैठकीला बोलावले; दोनदा आले, ऐकत बसले. तिसऱ्यांदा आले तेव्हा चक्कीवाल्याशी दळणाचा दर ठरवण्यासाठी स्वतःच उठून गेले. पुढच्या वर्षी ते देतील की नाही, सांगता येत नाही.

बसवण्णांवर किटाळ आले होते की त्यांनी राजाचे भांडार शरणांवर उधळले. परंपरा सांगते की बिज्जळाने भांडार तपासले आणि पै अन् पै जागेवर निघाली. ही कथाही आम्ही पुष्कळदा सांगितली आहे, अभिमानाने. गेल्या महिन्यात हिशोबाचे वाचन संपल्यावर त्याच माताजींनी हात जोडून विचारले, “महाराज, आमची वही तुम्ही ऐकता, सगळं गाव ऐकतं. मठाची वही कोण ऐकतं?” लिंबाखाली कोणी बोलेना. मठाचा हिशोब नियमाप्रमाणे सनदी लेखापाल तपासतात, असे उत्तर आमच्या ओठांवर आले होते. ते खरेही आहे. परंतु त्यांनी तपासणाऱ्याविषयी विचारले नव्हते, ऐकणाऱ्याविषयी विचारले होते. मठाच्या वहीत उत्सवाचा खर्च आहे, गाडीचा आहे, आमच्या प्रवासाचा आहे. त्यांतले काही आकडे मोठ्याने वाचताना आवाज तेवढाच राहील की नाही, याचा विचार आम्ही दोन रात्री केला.

येत्या सोमवारी पूजेनंतर ती वही अंगणात आणावयास सांगितली आहे. वाचणार भाजीवाल्या भगिनी. त्यांचा आवाज मोठा आहे.